कोल्हापूरच्या हवेत सिगार सांभाळायचे कसे : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दुबईहून कुणीतरी पाहुणा येतो, सिगारचा बॉक्स हातात देतो, तो बॉक्स शोकेसमध्ये जातो आणि मे महिन्यात उघडला की सिगार पापडागत मोडतोय. मग फोन सुरू. प्रश्न तेच तेच असतात म्हणून एका जागी लिहून काढले. तंबाखू तब्येतीला वाईट ती वाईटच, महाग सिगार आहे म्हणून त्यात फरक पडत नाही, आणि १८ च्या आतल्यांनी इथनंच मागं फिरा. ओढणारे ओढणारच आहेत तर निदान चांगला माल वाया जाऊ नये, एवढाच विषय.

कोल्हापूर काय राजस्थान आहे का? एवढी काळजी कशाला?

राजस्थान नाही, बरोबर, पण आपली हवा दोन तोंडांची आहे. फेब्रुवारी संपत आला की दुपारची हवा कोरडी व्हायला लागते, मार्च-एप्रिलात पारा ३७-३८, कधीकधी चाळिशीला टेकतोय, मधेच एखादा वळीव येऊन जातो, आणि जूनात पाऊस लागला की भिंतीसुद्धा ओल्या, चपलांना बुरशी, कपाटातल्या कपड्यांना वास. म्हणजे उन्हाळ्यात सिगार वाळतो आणि पावसाळ्यात तोच सिगार फुगतो. म्हणून नुसतं ओलं करणारं साधन घेऊन इथं भागत नाही, ओलावा कमी पडला तर देणारं आणि जास्त झाला तर ओढून घेणारं पाहिजे. आणि डबा घट्ट पाहिजे. ह्या दोन गोष्टी जमल्या की कोरडेपणाचा प्रश्न मिटतो, मग उरते ती उष्णता, आणि खरी डोकेदुखी तीच आहे, पण ते खाली सांगतो.

नेमका ओलावा किती आणि तापमान किती ठेवायचं?

जुना ठोकताळा ७०-७० चा, म्हणजे ७०% आर्द्रता आणि ७० फॅरेनहाइट, आपल्या भाषेत २१ अंश. एप्रिलात कोल्हापुरात २१ अंश म्हणजे एसी रात्रंदिवस, ते कुणी करत नाही. माझं मत, इथं ६५% धरा, आणि वरच्या मजल्यावर स्लॅबखाली राहत असाल तर ६२% सुद्धा चालेल. खोली ३० अंशाची असताना ७०-७२% ठेवलं तर बुरशीला आयतंच आमंत्रण, शिवाय सिगार ओलसर राहून नीट जळत नाही, एका बाजूनं पळतो, सारखा विझतो. तापमान जेवढं खाली ठेवता येईल तेवढं ठेवा, २४-२५ च्या वर दिवसेंदिवस राहिलं की किड्याची भीती सुरू.

सकाळी ओलाव्याचा मीटर ७०% दाखवतोय आणि दुपारी ३०%. मीटर बिघडलाय का?

नाही हो. हवेत पाणी तेवढंच आहे, हवा तापली की तिची पाणी धरायची ताकद वाढते म्हणून टक्का खाली येतो. सकाळी २२ अंशाला ७०% असलेली हवा दुपारी ३७ ला गेली की आपोआप ३०% च्या आसपास येते, एक थेंब कमी न होता. पण सिगारच्या पानाला ह्या हिशोबाशी देणंघेणं नसतं, भोवतीची हवा ३०% वाली झाली की ते स्वतःतलं पाणी सोडायला लागतं. रोज दुपारी थोडं सोडायचं आणि पहाटे थोडं घ्यायचं, असं महिनाभर चाललं की बाहेरचं पान, म्हणजे रॅपर, चिरतंच.

लाकडी ह्युमिडॉर घेऊ का? दिसायला लई भारी असतोय.

ह्युमिडॉर म्हणजे सिगारचा ओलावा टिकवणारी खास पेटी. दिसायला भारी, खरंय. आतनं स्पॅनिश सीडर लावलेला असतो, हे झाड महोगनीच्या कुळातलं, त्याचा वास सिगारला शोभतो आणि ते लाकूड ओलावा धरून ठेवतं. चांगला ह्युमिडॉर असेल, झाकण बंद करताना आतली हवा हळूच फुस्स करून बाहेर पडत असेल, तर वस्तू चांगलीच आहे. पण ऑनलाइन दोन-तीन हजारांत मिळणारे काचेच्या झाकणाचे जे डबे असतात त्यांच्या काचेच्या कडेनं, बिजागरीतनं, पुढच्या मीटरच्या भोकातनं हवा जात राहते, आणि आपल्या एप्रिलात असा डबा म्हणजे गळकी टाकी, कितीही भरा.

दुसरं म्हणजे लाकूडच आधी तहानलेलं असतं. नवा ह्युमिडॉर आणला आणि लगेच सिगार भरले तर लाकूड सिगारचंच पाणी पिऊन टाकतं. आधी सीझनिंग, म्हणजे लाकडाला पाणी पाजून घ्यावं लागतं, त्यासाठी ८४% ओलावा देणारे पॅक मिळतात, ते आत ठेवून झाकण बंद करायचं आणि १४ दिवस हात लावायचा नाही. ओल्या फडक्यानं लाकूड पुसून घ्यायची जुनी पद्धत आहे, पण त्यानं लाकूड वाकतंय, झाकण बसायचं बंद होतंय, नको ती. आणि हौसेपोटी गावातल्या सुताराकडनं करून घेणार असाल तर देवदार अजिबात वापरू नका, त्याच्या तेलाचा वास एवढा उग्र की सिगार ओढताना फर्निचरच्या दुकानात बसल्यासारखं होईल.

वीस-पंचवीस सिगार असतील तर माझा सल्ला सरळ आहे, लाकडी ह्युमिडॉर शोभेला ठेवा आणि माल डब्यात ठेवा.

डब्यात म्हणजे? स्टीलच्या डब्यात?

स्टीलचा डबा हवाबंद नसतो, झाकण नुसतं बसतं. चार बाजूंनी क्लिप असलेला, झाकणाला सिलिकॉनची रबर असलेला प्लास्टिकचा किंवा काचेचा डबा घ्या, भांड्यांच्या दुकानात कुठंही मिळतोय. नवाच घ्या, लोणच्याचा रिकामा झालेला नको, तो वास मरेपर्यंत जात नाही. घरी आणला की धुवा, पुसा, दोन दिवस उघडा ठेवा, मग नाक घालून बघा, प्लास्टिकचा वास येत असेल तर अजून चार दिवस.

मग टेस्ट. आत कोरडा टिश्यू पेपर टाकायचा, चारी क्लिपा लावायच्या आणि बादलीत पाण्याखाली दाबून धरायचा मिनिटभर. कडेनं बुडबुडे आले का बघायचं. वर काढून बाहेरनं नीट पुसून उघडायचा, टिश्यूचा कोपरा जरी ओला लागला तरी तो डबा साखरेला द्या. ह्या टेस्टमध्ये महागडे डबे नापास होतात आणि साधे पास होतात, त्यामुळं किंमत बघून ठरवू नका. सिगारच्या लाकडी बॉक्समध्ये जे सीडरचे पातळ पापुद्रे येतात ते टाकून देऊ नका, डब्याच्या तळाला अंथरा, ह्युमिडॉरचा निम्मा वास तिथंच मिळाला.

ओलाव्यासाठी आत काय ठेवायचं? स्पंज, जेल, बीड्स, बोवेडा... डोकं फिरलंय.

ह्युमिडॉरबरोबर काळ्या प्लास्टिकच्या डबीत जो हिरवा स्पंज येतो तो काढून ठेवा. तो फक्त पाणी सोडतो, जास्त झालं तर परत घेत नाही, आणि नळाचं पाणी घातलं की क्षार बसतात, मग बुरशी. जेलही बहुतेक त्याच जातीची. बीड्स, म्हणजे ओलावा धरणारे बारीक मणी, चांगले असतात, डिस्टिल्ड वॉटरवर चालतात, पण लक्ष ठेवावं लागतं.

टू-वे पॅक, म्हणजे बोवेडासारखे, हे आळशी माणसासाठी केलेत असं समजा. आत मिठाचं दाट द्रावण असतं आणि त्याला पाण्याची वाफच तेवढी आत-बाहेर करू देणारा पडदा. पाकिटावर जो आकडा, ६२, ६५, ६९, ७२, तिथं तो हवा धरून ठेवतो, एप्रिलात पाणी देतो आणि जुलैत पाणी घेतो. २५ सिगारला ६० ग्रॅमचा एक हिशोबानं पुरतो, मी दोन टाकायला सांगीन, जास्त टाकले म्हणून आकडा वर जात नाही, फक्त जास्त दिवस टिकतात. पाकीट दाबल्यावर आत खडे लागायला लागले, कडक झालं, की संपत आलं समजायचं. ६५ आणि ७२ एका डब्यात मिसळू नका, दोघं एकमेकांशीच भांडत बसतात.

पानपट्टीवाला विड्याची पानं ओल्या फडक्यात ठेवतोय, किती ताजी राहतात. तसं केलं तर?

विड्याचं पान ताजं, हिरवं असतं आणि दोन दिवसांत खपतं. सिगारचं पान वाळवून, आंबवून, वर्ष-वर्ष मुरवलेलं. त्याला ओलं फडकं लागलं की आठवड्यात बुरशी. बटाट्याची चकती, सफरचंदाची फोड, ब्रेडचा तुकडा, हे सगळे जुने उपाय त्याच मापात बसवा.

मीटर खरं बोलतोय हे कसं कळणार?

मिठाची टेस्ट. बाटलीच्या झाकणात चमचाभर साधं मीठ घ्या, त्यात पाण्याचे थेंब टाकून ओल्या वाळूसारखं करा, वर पाणी तरंगता कामा नये. ते झाकण आणि मीटर एका झिपच्या पिशवीत बंद करा, एका जागी रात्रभर, जमलं तर पूर्ण दिवस. मिठाच्या अशा लगद्यावरची हवा ७५% ला येऊन थांबते. मीटरनं ७१ दाखवलं तर तुमचा मीटर ४ नं कमी बोलतोय, मागं पट्टीवर लिहून चिकटवा. गोल काट्याचे सोनेरी मीटर शोभेचे, डिजिटलच घ्या. कुणीतरी लगेच विचारणार, मग डब्यात हेच मीठ ठेवलं तर? ७५% सिगारला जास्त होतंय, नको.

सरळ फ्रिजमध्ये ठेवले तर? थंड पण राहतील.

उघडे ठेवले तर आजकालचे फ्रॉस्ट-फ्री फ्रिज हवा सुकवतात, सिगार लाकूड होतो, आणि वर पांढऱ्या रश्श्याचा वास. पण हवाबंद डब्यात टू-वे पॅकसकट, तोंडाला टेप लावून, फ्रिजच्या सगळ्यात कमी थंड कप्प्यात एप्रिल-मे काढले तर चालतंय. बाहेर काढल्यावर झाकण लगेच उघडायचं नाही, चार-पाच तास खोलीत तसंच बंद राहू दे, नाहीतर गरम हवा आत शिरून सिगारवर दव धरतं. घरच्यांना फ्रिजमध्ये तंबाखू चालणार का, ह्याचं उत्तर माझ्याकडं नाही.

माठात ठेवले तर?

हसू नका, प्रश्न बरोबर आहे. माठ थंड होतो ते बाहेरनं पाणी उडून जातं म्हणून, आणि कोरड्या हवेत ते झपाट्यानं उडतं, त्यामुळं एप्रिलच्या दुपारी माठातलं पाणी खोलीपेक्षा चांगलंच गार असतं. एका मोठ्या कुंडीत वाळू घाला, त्यात दुसरी छोटी मातीची कुंडी बसवा, वाळूवर सकाळ-संध्याकाळ पाणी मारा, छोट्या कुंडीत तुमचा हवाबंद डबा, वर ओलं गोणपाट. वारा लागेल पण ऊन नाही अशा जागी. लाईट गेली तरी चालू राहणारा कूलर झाला की. मात्र डबा खरंच हवाबंद पाहिजे, कुंडीच्या आत दमटपणा भरपूर असतो. आणि पाऊस लागला की ही युक्ती बंद, हवाच ओली असताना पाणी उडत नाही आणि गारवाही येत नाही.

घरात कुठल्या कपाटात ठेवू?

पश्चिमेच्या भिंतीचं नको, ती भिंत रात्री दहापर्यंत गरम असते. माळ्यावर नको, स्लॅबला लागून सगळ्यात गरम जागा तीच. टीव्ही, इन्व्हर्टर, फ्रिजच्या मागची बाजू नको. खालच्या मजल्यावर, आतल्या खोलीत, जमिनीलगतचा कप्पा बेस्ट. जुन्या वाड्यात राहणाऱ्यांची चैन आहे, जाड भिंतींच्या खोल्या दुपारीही गार असतात.

वासाचं बघा. ज्या कपाटात डांबर गोळ्या आहेत तिथं सिगार ठेवलात तर विषय संपला. उदबत्ती, कापूर, परफ्यूम, सगळं लांब. आणि वर्षाची चटणी उन्हाळ्यातच होते, नेमकी त्याच दिवसांत मिरच्या, खोबरं, कांदा-लसूण घरभर पसरलेला असतो, तेव्हा डबा दुसऱ्या खोलीत हलवा. फक्त वासासाठी सांगत नाही, कारण पुढच्या उत्तरात आहे.

सिगारला टाचणीनं पाडल्यासारखी बारीक गोल भोकं दिसतायत, खाली तपकिरी पावडर पडलीय.

भावा, किडा लागलाय. तंबाखूचा भुंगेरा म्हणतात त्याला, शास्त्रीय नाव लॅसिओडर्मा सेरिकॉर्ने, दोन-तीन मिलिमीटरचा लालसर तपकिरी, पाठीला कुबड काढल्यासारखा. आता गंमत बघा, हाच किडा हळदीला, लाल मिरचीला, धन्याला लागतो, सांगलीच्या हळदवाल्यांना नवीन सांगायला नको. म्हणजे तुमच्या सिगारला तो क्युबातनंच आला असेल असं नाही, स्वयंपाकघरातल्या मसाल्याच्या पिशवीतनंही चालत येऊ शकतो. अंडी एवढी बारीक की डोळ्याला दिसत नाहीत, पानातच असतात, गार असेपर्यंत गप्प राहतात आणि उष्णता वाढली की फुटतात. अळी आतनं बोगदा पाडत सिगार खाते आणि मोठा किडा भोक पाडून बाहेर पडतो. भोक दिसलं म्हणजे आतलं काम उरकलेलं असतं.

उपाय एकच, गोठवणे. भोकं पडलेले सिगार लगेच बाहेर काढून टाका. बाकीचे सगळे, चांगले दिसत असले तरी, झिपच्या दोन पिशव्यांत हवा दाबून काढून बंद करा. एक दिवस साध्या फ्रिजमध्ये, मग उणे १८ अंशाच्या फ्रीझरमध्ये तीन-चार दिवस, परत एक दिवस फ्रिजमध्ये, मग बाहेर, आणि खोलीच्या तापमानाला येईपर्यंत पिशवी उघडायची नाही. पायऱ्या गाळल्या तर रॅपर तडकतो. सिंगल डोअर फ्रिजमधला बर्फाचा छोटा कप्पा उणे १८ पर्यंत जाईलच असं नाही, आत थर्मामीटर ठेवून खात्री करा. डबा रिकामा करून पुसून घ्या, सीडरचे पापुद्रेही त्याच पिशवीत गोठवा. माझं तर म्हणणं आहे, मार्चच्या आधी हाती आलेला प्रत्येक बॉक्स एकदा गोठवूनच डब्यात घ्यावा, मग उन्हाळ्यात ३०-३२ अंश झालं तरी झोप लागते.

सिगारवर पांढरं पांढरं आलंय. पुसू का टाकू?

बहुतेक वेळा बुरशीच असते. लव असल्यासारखी, ठिपक्याठिपक्यांची, हिरवट-निळसर छटा असेल तर नक्कीच. फक्त बाहेरच्या पानावर, थोडीच असेल तर वेगळा काढून कोरड्या ब्रशनं पुसा, काहीजण ओढतात, मी ओढणार नाही. पेटवायच्या टोकाकडनं आतल्या पानांत, म्हणजे फिलरमध्ये, दिसली तर सरळ टाका. ऑनलाइन "ही बुरशी नाही, चांगल्या सिगारचा मोहर आहे" म्हणून विकणारेही भेटतात, पैसे खिशात ठेवा.

पावसाळ्यात वेगळं काही?

डबा उघडायचं कमी करा. आत मीटर ७० च्या वर जायला लागला म्हणजे झाकणाची रबर ढिली झालीय किंवा पॅक पाणी पिऊन फुगलेत, नवे टाका. रंकाळ्यावर बसून पावसात सिगार ओढायची हौस असेल तर असू दे, पण सार्वजनिक ठिकाणी धूम्रपानाला २ ऑक्टोबर २००८ पासून बंदी आहे, घरच्या गच्चीवर पत्र्याखाली बसा. तिथं हवेतच एवढा ओलावा असतो की ६९ वाला सिगार सारखा विझतो, ६२ वाला बरा चालतो.

वाळून खडखडीत झालेला सिगार परत जिवंत होतो का?

थोडाफार. घाई केली की रॅपर फाटतो, कारण आतलं पान फुगतं आणि बाहेरचं तेवढं ताणत नाही. आधी ६२ च्या पॅकबरोबर डब्यात तीन-चार आठवडे, मग ६५. वाफ देणं, बाथरूममध्ये ठेवणं, स्प्रे मारणं, नाद सोडा. अंगठा आणि बोटात हलकं दाबून बघा, किंचित दबून परत वर आला, कुरकुर आवाज नाही, म्हणजे झालं. पण वाळताना जी तेलं उडून गेली ती परत येत नाहीत, चव थोडी पोकळ लागणारच.

सिगारवरचं पारदर्शक वेष्टन, सेलोफेन, काढू का ठेवू?

ठेवा. त्यातनं वाफ ये-जा करते, आणि एकाला किडा लागला तर शेजाऱ्याला लागायला वेळ लागतो.

गाडीतनं न्यायचे असतील तर?

उन्हात लावलेल्या कारच्या डॅशबोर्डवर नाही, स्कूटरच्या डिकीत तर अजिबातच नाही, खाली इंजिनाची धग आणि वरनं ऊन, तासाभरात खेळ खल्लास. छोटा हवाबंद डबा, त्यात छोटा पॅक, आणि तो पायाशी बॅगेत. कुरिअरनं मागवत असाल तर एप्रिल-मे टाळा, गोडाऊनमध्ये पत्र्याखाली पार्सल किती वेळ पडेल सांगता येत नाही. परदेशातनं येणाऱ्या पाहुण्याला सांगून ठेवा, ड्युटी न भरता २५ पर्यंतच सिगार आणता येतात, आणि त्याच्यातही सिगरेट, तंबाखू धरून एकच कोटा असतो.

आपली निपाणीची तंबाखू तर पोत्यात राहते. त्रिचीचे चिरूटही असेच मिळतात. मग सिगारचेच एवढे लाड का?

निपाणी भागातली तंबाखू मुख्यत्वे बिडीची, ती कोरडीच वापरायची असते, भुगा करून पानात वळायची. सिगारमध्ये तीन थर असतात, आत लांब पानांचा फिलर, त्याला बांधणारा बाइंडर आणि वर रॅपर, आणि हे तिन्ही लवचिक राहिले तरच धूर सारखा खेचला जातो. चिरूट साधा, दोन्हीकडनं कापलेला. चर्चिलला त्रिचीचे चिरूट आवडायचे म्हणतात, असतील. युरोपातले काही मशीनवर वळलेले छोटे सिगारही कोरडेच ओढायचे असतात, त्यांना डबा-बिबा लागत नाही. तुमच्याकडं जे आहे ते हातानं वळलेलं कॅरिबियन किंवा मध्य अमेरिकेतलं असेल तरच हे सगळं करा.

माझ्याकडं शंभराच्या वर झालेत. वाइन कूलर घेऊ का?

घेऊ शकता, पण कुठला ते बघून. पेल्टियरवाले, म्हणजे कॉम्प्रेसर नसलेले, आवाज करत नाहीत आणि हवा फार सुकवत नाहीत, पण खोली ३८ ची झाली की दमतात, खोलीपेक्षा ठराविक अंशच खाली नेऊ शकतात. कॉम्प्रेसरवाले उन्हाळ्यात ताकदवान, पण हवा सुकवतात, चालू-बंद होताना आतला आकडा वरखाली नाचतो. मी कॉम्प्रेसरवाला घेऊन १८-२० वर लावीन आणि आत सिगार सुटे न ठेवता डब्यातच ठेवीन, डब्यात पॅक. मग लाईट गेली तरी आत काही बिघडत नाही, तापमान हळूच चढतं आणि हळूच उतरतं. इन्व्हर्टरवर जोडायच्या आधी इलेक्ट्रिशियनला विचारा.

डबा किती वेळा उघडून बघायचा?

मीटर बाहेरनं दिसेल असा पारदर्शक डबा असेल तर आठवड्यातनं एकदा नुसती नजर. महिन्यातनं एकदा उघडा, सिगारांच्या जागा बदला, खालचे वर, तळाला पावडर पडलीय का टॉर्च मारून बघा, पॅक दाबून बघा, बंद करा. एप्रिल आणि मे मध्ये पावडरीसाठी पंधरा दिवसांनी बघा.